सर्वांत कमी रोधकता आली तिथेच बोअर कोरडी गेली: एका जागानिश्चितीचे प्रकरण

बेसाल्टच्या प्रदेशात सौम्य उतारावर वसलेली एक वस्ती. तिची गरज दिवसाला ४०,००० लिटरची. दोन बोअर घेऊन झाल्या आणि दोन्ही कोरड्या गेल्या. पहिली पाण्याच्या टाकीला लागून घेतली होती, पाईप कमी लागावा एवढ्याच हिशेबाने. दुसरी मात्र रीतसर विद्युत सर्वेक्षण करून घेतली होती. तिच्या वेळी यंत्र नीट चालले, तारा बरोबर पसरल्या, आलेख सुबक आला आणि त्यात एका थराची रोधकता, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, सर्वांत कमी दिसली म्हणून तिथेच मशीन लावले. तरीही ९० मीटरपर्यंत नुसती ओल.

पुढे दिलेले प्रकरण कुठल्या एका गावाचे दप्तर नाही. बेसाल्टमध्ये पुन्हापुन्हा भेटणारी गुंतागुंत एका जागेवर मांडून, तिथले आकडे धरून सोडवली आहे. वाचणाऱ्याला प्रत्येक पायरी स्वतः ताडून पाहता यावी, हा हेतू.

दुसऱ्या बोअरच्या आलेखात काय होते

एकाच ठिकाणी श्लुंबर्जर मांडणीने खोलीनुसार सर्वेक्षण केले होते. या मांडणीत चार खुंट्या एका रेषेत असतात. बाहेरच्या दोन, ए आणि बी, जमिनीत विद्युतप्रवाह सोडतात. आतल्या दोन, एम आणि एन, व्होल्टेजमधला फरक मोजतात. बाहेरच्या खुंट्या जसजशा लांब न्याव्यात तसतसा प्रवाह खोल शिरतो आणि खालच्या थरांचा परिणाम वाचनात उतरतो. एबीचे निम्मे अंतर दीड मीटरपासून १०० मीटरपर्यंत वाढवत नेले होते. आलेखातून थर निघाले ते असे: वरचे ४ मीटर २२ ओहम-मीटर, त्याखाली २० मीटर ११० ओहम-मीटर, मग २४ ते ३२ मीटरमध्ये ९ ओहम-मीटर आणि त्याखाली २०० च्या वर. अहवालात लिहिले गेले, ‘२४ ते ३२ मीटरवर पाणी’.

बोअर मारताना २४ मीटरला खडक खरोखरच बदलला. काळ्या फत्तराची करडी भुकटी थांबून विटकरी रंगाचा चिकट गाळ वर येऊ लागला. हॅमरची भोके बुजली, हवा कोंडली, रॉड दोनदा वर काढून साफ करावे लागले. तो गेरूचा थर होता. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात झिजलेल्या खडकाची ही तांबडी, चिकणमातीसारखी पट्टी. तिच्या बारीक छिद्रांत पाणी असते, पण चिकणमाती ते धरून ठेवते, सोडत नाही. गेरूच्या माथ्यावर कधीकधी पाणी अडून झिरपते हे खरे, पण त्यासाठी वरचा खडक भेगाळ असावा लागतो. इथे वर अखंड काळा फत्तर होता.

म्हणजे सर्वेक्षणाने थर अचूक दाखवला होता. त्याला नाव मात्र चुकीचे दिले गेले.

एका मिनिटाची चाचणी

ही चूक टाळायला महागडे यंत्र लागत नव्हते. शेजारच्या विहिरीतले पाणी बाटलीत घेऊन त्याची विद्युतवाहकता मोजायची, एवढेच. उताराच्या खालच्या अंगाला ३५० मीटरवर १४ मीटर खोल जुनी विहीर आहे. तिच्या पाण्याची वाहकता आली ६५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. १०,००० ला या आकड्याने भागले की पाण्याची रोधकता ओहम-मीटरमध्ये मिळते: सुमारे १५.४.

आता विचार करा. खडकाचे खनिज विद्युतप्रवाह जवळजवळ जाऊ देत नाही; प्रवाह जातो तो छिद्रांतल्या आणि भेगांतल्या पाण्यातून. त्यामुळे या पाण्याने भरलेल्या स्वच्छ खडकाची रोधकता निव्वळ पाण्याच्या रोधकतेपेक्षा जास्तच असणार, कारण पाण्याच्या वाटेत खडकाने जागा अडवलेली असते. रोधकता १५.४ पेक्षा कमी यायची तर तीनच शक्यता उरतात: चिकणमाती, खारे पाणी, नाहीतर धातूसारखे वाहक काहीतरी. त्या परिसरात खाऱ्या पाण्याची एकही विहीर नव्हती. तेव्हा ९ ओहम-मीटर म्हणजे चिकणमाती, हे बोअर मारण्यापूर्वीच सांगता आले असते.

हाच हिशेब पुढे नेला की हवा तो पट्टा हाती येतो. झिजलेल्या, भेगाळ, पाण्याने भरलेल्या बेसाल्टची रोधकता तिथल्या पाण्याच्या साधारण दुप्पट ते चौपट धरली तर शोध ३० ते ६० ओहम-मीटरचा आहे. २० च्या खाली संशय घ्यायचा. १०० च्या पुढे सहसा अखंड फत्तर. हे आकडे या जागेचे आहेत. दुसरीकडे पाण्याची वाहकता वेगळी निघाली की पट्टाही सरकतो, म्हणून तयार तक्ता उचलून लावू नये. जागानिश्चितीचे काम करणाऱ्याच्या पिशवीत वाहकता-मीटर नसेल तर त्याने तारा पसरूच नयेत, इतके हे महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट जाडीची. दोन जास्त रोधकतेच्या थरांमध्ये पातळ वाहक थर दबलेला असला की आलेखाला त्याची जाडी आणि रोधकता वेगवेगळी कळत नाही. कळते ते फक्त जाडी भागिले रोधकता. ८ मीटरचा ९ ओहम-मीटर थर, ४ मीटरचा साडेचार ओहम-मीटर थर आणि १६ मीटरचा १८ ओहम-मीटर थर, तिघांचा भागाकार ०.८९. तिन्हींचे आलेख इतके सारखे येतात की त्यांतला फरक मोजणीच्या चुकीत बुडून जातो. संगणक एक उत्तर छापतो आणि छापलेले उत्तर खरे वाटू लागते. बाहेरून काही पुरावा मिळाल्याशिवाय त्यातले कुठले खरे ते ठरत नाही, आणि कोरडी बोअर हा असा उत्तम पुरावा असतो. म्हणून कोरड्या बोअरची नोंद फेकून देऊ नये. तिसऱ्या जागेसाठी दोन्ही बोअरचे थर मीटरनिशी लिहून काढले, तिथूनच पुढचे काम सुरू झाले.

तारा पसरण्याआधी

जुन्या विहिरीत उतरून पाहिल्यावर बरेच उलगडले. पाणी ९ मीटरवर होते. उत्तरेच्या भिंतीत, मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांनी भरलेला खडक, आणि त्याखालचा काळा फत्तर जिथे भेटतात त्या सांध्यातून ओल पाझरत होती. मांजऱ्यातल्या पोकळ्या झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने निम्म्या भरलेल्या, पण आडव्या भेगा उघड्या.

मग ओढ्याने चालत जाणे. हा ओढा एरवी वळणे घेत जातो, पण वस्तीच्या पूर्वेला सुमारे ६०० मीटर सरळ रेषेत वाहतो आणि मग एकदम काटकोनात वळतो. पाणी स्वतःहून असे सरळ जात नाही. खाली भेगांचा पट्टा असण्याची ही खूण. वळणाच्या जागी गोल काळ्या धोंड्यांची एक ओळ ओढा ओलांडून जाते. हा डाइक असावा, म्हणजे जुन्या खडकात उभ्या भिंतीसारखी घुसलेली कठीण शीर. डाइक अखंड असेल तर उतारावरून येणारे भूजल वरच्या बाजूला अडते. फुटलेला असेल तर त्याच्या कडांमधूनच पाणी वाहते. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या.

चुंबकीय रेषा आणि लोखंडी पाईप

डाइकची जागा पक्की करायला प्रोटॉन मॅग्नेटोमीटरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राने, ५० मीटर अंतरावर दोन समांतर रेषा मोजल्या, दर ५ मीटरला एक वाचन, आणि दिवसभरात पृथ्वीच्या क्षेत्रात होणारा बदल वजा करण्यासाठी दर अर्ध्या तासाने पहिल्या बिंदूवर परत येऊन एक वाचन. बेसाल्टवर ही पद्धत अवघड जाते, कारण खडक स्वतःच चुंबकीय असल्याने पार्श्वभूमी खडबडीत असते. म्हणून एकाच रेषेवर वाचनांत दिसलेला उंचवटा धरला नाही. दोन्ही रेषांवर, धोंड्यांच्या ओळीशी जुळून, ३० मीटर रुंदीचा उंचवटा आला, तेव्हाच डाइक नकाशावर काढला.

याच मोजणीत ३१० मीटरच्या खुणेवर एक वेगळेच वाचन आले: एकाच बिंदूवर तीव्र सुळका, शेजारच्या वाचनांवर काहीच नाही. खोलवरचा खडक इतका अरुंद सुळका देत नाही. स्रोत जमिनीलगत असला तरच तो येतो. विचारल्यावर कळले, तिथून जुना लोखंडी पाईप गेला आहे. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली.

विद्युत छेद

आता एका बिंदूऐवजी पूर्ण उभा छेद हवा होता. ४८ खुंट्यांची केबल, ओढ्याला आडवी. खुंट्यांमधले अंतर ५ मीटर ठेवले तर रेषा २३५ मीटर होते आणि वेनर-श्लुंबर्जर मांडणीत उपयुक्त खोली लांबीच्या पाचव्या हिश्शाहून थोडी कमी, म्हणजे ४५ मीटरच्या आसपास मिळते. इथे ७० मीटरपलीकडे पाहायचे होते, म्हणून अंतर १० मीटर, रेषा ४७० मीटर. याची किंमतही मोजावी लागते: खोली वाढली की बारकावा जातो. ५० मीटरवरची एक मीटर जाडीची भेग या छेदात भेग म्हणून दिसणारच नाही. दिसेल तो फक्त भोवतालच्या फत्तरात थोडी उतरलेली रोधकता, तीही पसरट.

मैदानात सर्वाधिक वेळ खातो तो खुंटी आणि जमीन यांचा संपर्क. कोरड्या मुरुमात खुंटी हातभर ठोकूनही संपर्क-रोध १० ते १५ किलोओहम निघत होता. प्रत्येक खुंटीपाशी खळगा करून मिठाचे पाणी ओतले, पंधरा मिनिटे मुरू दिले, तेव्हा तो २ किलोओहमच्या खाली आला. हे पाणी दोन खुंट्यांच्या मधे सांडून ओघळ होऊ देऊ नये, नाहीतर प्रवाह वरूनच पळतो. एकच खुंटी सैल राहिली की कच्च्या छेदात, म्हणजे गणित करण्यापूर्वीच्या वाचनांच्या चित्रात, तिच्यापासून दोन्ही अंगांना तिरक्या रेषा उमटतात, उलट्या व्हीसारख्या. नवख्याला ती भेग वाटते. कच्चा छेद मैदानातच पाहायचा, म्हणजे खुंटी पुन्हा ठोकता येते. कार्यालयात पोहोचल्यावर ते वाचन फक्त काढून टाकता येते.

आडवे थर नीट दिसावेत म्हणून वेनर-श्लुंबर्जर आणि उभे बदल नीट दिसावेत म्हणून त्याच रेषेवर द्विध्रुव-द्विध्रुव, अशा दोन्ही मांडण्या चालवल्या. दुसऱ्या मांडणीत अंतर वाढले की संकेत फार झपाट्याने क्षीण होतो, त्यामुळे तिची खोल वाचने पुनरावृत्तीत ५ टक्क्यांहून जास्त हलली तर गाळली. जमिनीचा चढउतार मोजून गणितात घातला. वाचनांवरून थरांचा छेद काढणारे संगणकाचे मॉडेल चार फेऱ्यांनंतर थांबवले. चूक आणखी एक टक्का कमी करण्यासाठी फेऱ्या वाढवल्या की गणित गोंगाटालाही खडकाचा आकार देऊ लागते.

छेदात तीन जागा उठून दिसल्या.

१४० मीटरच्या खुणेवर ३० मीटर खोलीपर्यंत १२ ओहम-मीटर. सर्वांत मोठा, सर्वांत निळा डाग (चित्रात निळा म्हणजे कमी रोधकता). पाण्याच्या १५.४ च्या कसोटीवर तो तिथेच बाद झाला. ओढ्याच्या जुन्या पात्रातली चिकणमाती.

३१० मीटरवर उभा, कडक कडांचा, खोल जाणारा निळा पट्टा. चित्रात हाच सर्वांत देखणा होता, अगदी पुस्तकातल्या भेगेसारखा. पण चुंबकीय सुळका नेमका इथेच होता. पाईप प्रवाह स्वतःकडे ओढतो आणि छेदात खोल सावली पाडतो.

२३० मीटरवर मात्र दिसायला काहीच खास नाही. १८ ते २८ मीटरमध्ये ३८ ते ४५ ओहम-मीटर, मग १५० हून अधिक, आणि ४२ ते ५५ मीटरमध्ये पुन्हा ५५ पर्यंत उतार. दोन्ही बाजूंना त्याच खोलीवर ३०० च्या वर. जागा ओढ्याच्या सरळ पट्ट्यात आणि डाइकच्या वरच्या बाजूला.

तिसरी जागा धरली, पण लगेच नाही. त्या बिंदूवर श्लुंबर्जर मांडणी दोनदा केली, एकदा ओढ्याला समांतर, एकदा आडवी. दोन्ही आलेख ४० मीटरपर्यंत जुळले आणि पुढे फाकले. आडवे थर तेवढेच असते तर आलेख फाकले नसते. काहीतरी उभे, ओढ्याच्या दिशेने जाणारे आहे, असा त्याचा अर्थ.

एक वाचन हातानेच ताडून पाहू. एबीचे निम्मे अंतर ६० मीटर, एमएन १० मीटर. मांडणीचा गुणक = ३.१४१६ × (६० चा वर्ग − ५ चा वर्ग) ÷ १० = सुमारे ११२३. प्रवाह ४२० मिलिअँपिअर, व्होल्टेजमधला फरक १८.४ मिलिव्होल्ट, भागाकार ०.०४३८ ओहम, म्हणून भासमान रोधकता, म्हणजे सगळ्या थरांची मिळून दिसणारी, ४९ ओहम-मीटर. हेच निम्मे अंतर १५० मीटर केले आणि एमएन १० च ठेवला, तर ६० ओहम-मीटरच्या जमिनीत ४०० मिलिअँपिअरला फक्त साडेतीन मिलिव्होल्टच्या आत संकेत मिळतो. शेजारून वीजवाहिनी जात असेल तर तो गोंगाटात हरवतो. एमएन ४० मीटर केला की संकेत १४ मिलिव्होल्टच्या जवळ जातो. एमएन बदलताना किमान दोन अंतरांवर जुन्या आणि नव्या दोन्ही एमएनने वाचन घ्यायचे, म्हणजे आलेखाचे तुकडे जोडता येतात.

आधी लिहून ठेवलेले भाकीत आणि प्रत्यक्ष बोअर

मशीन येण्यापूर्वी कागदावर लिहिले: झिजलेला भाग २८ मीटरपर्यंत, मग अखंड फत्तर, ४२ ते ५५ मध्ये भेगा; ७० मीटरपर्यंत पाणी नाही लागले तर थांबायचे. हा शेवटचा मुद्दा आधी ठरलेला नसला की मशीन चालू असताना ‘अजून १० मीटर’ संपत नाही.

केसिंगचा, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाईपचा, निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागला. १८ ते २८ मीटरमधला पाणथर जुन्या विहिरीला पाणी देणाराच. तो बोअरमध्ये उघडला तर विहीर आटण्याचा धोका, शिवाय वस्तीचे सांडपाणी याच थरात मुरते. म्हणून बिनछिद्री केसिंग कठीण खडकात दीड मीटर रुतवून बाहेरची फट सिमेंटने भरली. १६५ मिलिमीटरचा बिट केसिंगमधून मोकळा उतरायला हवा, तेव्हा केसिंगचा आतला व्यास आधी मोजून घ्यायचा, बाहेरच्या व्यासावर भरवसा ठेवायचा नाही.

दर मीटरला भुकटीचा नमुना पिशवीत भरला आणि त्या मीटरला लागलेला वेळ लिहिला. सापडले ते असे:

०–३ मीटर माती, ३–३०.५ मुरूम आणि मांजऱ्या, १९ नंतर ओला.
३०.५–३७ काळा फत्तर, मीटरला सुमारे ६ मिनिटे.
३७–३८.२ गेरू, कोरडा.
३८.२–४४ काळा फत्तर.
४४–५२ भेगाळ फत्तर, मीटरला २ ते ३ मिनिटे.
५२–७२ अखंड फत्तर.

४४ मीटरला बदल आधी कानाला कळला. हॅमरचा एकसुरी ठोका तुटक झाला, करड्या धुळीऐवजी बोटाच्या पेराएवढे कपचे उडू लागले आणि त्यांच्या एका अंगाला तांबूस-तपकिरी गंज होता. ताज्या फुटलेल्या फत्तराला असा गंज नसतो. त्या भेगेतून पाणी वाहत आले आहे, याची ती खूण.

पाणी ९० अंशांच्या व्ही-नॉचवरून, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेवरून, मोजले. ४४ मीटरला खाचेवरची पाण्याची उंची साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे तासाला ११४० लिटर. ५१ मीटरला साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तासाला ७६५० लिटर. सूत्र साधे आहे: उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचवा घात गुणिले १.३८, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. उंची अडीच घाताने मोजली जात असल्याने अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महाग पडते. पट्टी खाचेच्या तोंडाशी न लावता थोडी मागे, पाणी संथ असेल तिथे लावायची. ५२ च्या पुढे मोजमाप हलले नाही. ७२ ला थांबलो.

भाकिताशी ताडता झिजलेल्या थराचा तळ अडीच मीटरने चुकला, भेगांचा पट्टा आत बसला, आणि ३७ मीटरचा सव्वा मीटरचा गेरू सर्वेक्षणाला अजिबात दिसला नव्हता. त्या खोलीवर इतका पातळ थर दिसणे शक्यही नव्हते. रोधकतेवरून किती पाणी मिळेल हेही कळत नाही. ते फक्त उपसा-चाचणी सांगते.

किती उपसायचे

कॉम्प्रेसरच्या हवेने उडालेले पाणी म्हणजे बोअरची कायमची क्षमता नव्हे. त्यात भेगांमध्ये साठलेले पाणीही असते. चाचणी कोरड्या ऋतूच्या अखेरीस, पातळी सर्वांत खाली असताना घेतली. स्थिर पातळी १२.४ मीटर. तासाला ३, ५ आणि ७ घनमीटर असे तीन टप्पे, प्रत्येकी १०० मिनिटे. तिसऱ्या टप्प्यात पातळी ४३ मीटरपर्यंत उतरली आणि थांबायला तयार नव्हती. पहिली भेग ४४ वर आहे. ती उघडी पडली की तिच्यात हवा शिरते, लोह आणि क्षार साचून भेग हळूहळू बुजते. ७ घनमीटर नाकारण्याचे कारण हेच.

५ घनमीटरने सलग २४ तास चालवल्यावर पातळी ३१.२ मीटरवर टेकली. पंप थांबवल्यावर १२ तासांत ती १२.९ मीटरपर्यंत परतली. या काळात जुन्या विहिरीची पातळी ३ सेंटिमीटरने हलली आणि पहिली कोरडी बोअर, जिच्यात ओल साठून थोडे पाणी उभे होते, जागची हलली नाही. पंप ४० मीटरवर, म्हणजे पहिल्या भेगेच्या वर बसवला, आणि उपसा ठरला तासाला ५ घनमीटर, दिवसाला ८ तास. नव्या पाण्याची वाहकता ५८० आली. नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणूंसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि निकाल हाती येईपर्यंत हे पाणी पिण्याच्या टाकीत घेतले नाही.

बोअरच्या झाकणाला पातळी मोजण्याची टेप उतरवण्यापुरते एक भोक ठेवले आहे. दर पंधरा दिवसांनी, पंप रात्रभर बंद राहिल्यानंतर, सकाळी पातळी मोजून वहीत लिहायची. कोरड्या ऋतूच्या अखेरीला ती दरवर्षी मागच्यापेक्षा खाली जाऊ लागली तर ८ तासांचे ६ करायचे.